पानाच्या कडेला उघडणारी पट्टी

वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या माणसाला आपले पान दिसते. ते पान तयार होताना मागे काय काय घडले ते दिसत नाही. ब्राउझरने मागणी केली, सर्व्हरने उत्तर दिले, पडद्यावर यादी उमटली, की काम झाले असे वाटते. त्या यादीसाठी डेटाबेसकडे किती खेपा झाल्या, कोणते टेम्पलेट (पानाच्या एचटीएमएलचा साचा) कोणत्या टेम्पलेटने ओढून आणले, कॅशमधून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, यातले काहीही पान स्वतःहून सांगत नाही. आणि पान बरोबर दिसत असले की ते विचारण्याची गरज आपल्यालाही भासत नाही. इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की नव्या प्रकल्पातले पहिले पान ब्राउझरमध्ये उघडले, की त्याच बैठकीत डीबग टूलबार, म्हणजे हे मागचे सगळे पानाच्याच कडेला दाखवणारी पट्टी, बसवून घ्यावा. काही बिघडल्यावर शोधाशोध करायला लॉग आहेत, डीबगर आहे, एरर ट्रॅकर आहे. टूलबारची खरी गरज सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असते त्या काळात असते.

माझे बहुतेक काम जँगो या पायथनमधल्या वेब चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) झाले आहे, म्हणून मी त्याच्याच टूलबारविषयी लिहितो आहे. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. बातमीच्या वेळेत पान उभे राहिले पाहिजे, या निकडीतून आलेल्या त्या चौकटीने प्रोग्रामरला एक मोठी मोकळीक दिली: डेटाबेसची भाषा एसक्यूएल हाताने न लिहिता पायथनच्या वस्तूंमधूनच डेटाबेसशी बोलता येऊ लागले. पुस्तकाच्या वस्तूपुढे टिंब देऊन लेखक म्हटले की लेखक मिळतो, आणि त्याच्यापुढे आणखी एक टिंब दिले की त्याचे नाव मिळते. ही मोकळीक मला आजही मोलाची वाटते. मात्र त्या टिंबामागे कधी कधी डेटाबेसची एक अख्खी फेरी दडलेली असते आणि कोड वाचताना ती दिसत नाही. रॉब हडसन यांनी ऑगस्ट २००८ मध्ये जँगो डीबग टूलबार लिहिला तेव्हापासून ती फेरी पानाच्या कडेलाच वाचता येऊ लागली. पुढे फ्लास्क या पायथनच्याच दुसऱ्या चौकटीसाठीही याच धर्तीचा टूलबार आला. सिम्फनीचा प्रोफायलर, लाराव्हेलचा डीबगबार, डॉटनेटमधला मिनीप्रोफायलर ही सगळी त्याच गरजेतून आलेली साधने आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

टूलबार बसवण्याची कृती कागदावर अगदी छोटी आहे. पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या पिपने पॅकेज घ्यायचे, ॲप्सच्या यादीत त्याचे नाव घालायचे, स्टॅटिक फाइल्सचे ॲप चालू आहे याची खात्री करायची, यूआरएलच्या फाइलीत त्याचा मार्ग जोडायचा, मिडलवेअरच्या यादीत त्याची ओळ घालायची आणि कोणत्या आयपी पत्त्यांना टूलबार दाखवायचा ते सेटिंग्जमध्ये लिहायचे. या सहा गोष्टी दहा मिनिटांत उरकतात, म्हणून बहुतेक लोक त्या कुठून तरी उचलून चिकटवतात आणि पुढच्या कामाला लागतात. मी नव्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगतो की या ओळी चिकटवू नका, एकेक करून स्वतः लिहा आणि प्रत्येक ओळीनंतर सर्व्हर चालवून पाहा. कारण एखादी रिक्वेस्ट ॲप्लिकेशनमधून कशी आत जाते आणि उत्तर होऊन कशी बाहेर येते, त्या वाटेवरच्या एकेका टप्प्याला या ओळी हात लावतात, आणि टूलबार दिसला नाही तर कोणत्या टप्प्यावर अडले ते ज्याने वाट पाहिली आहे त्यालाच कळते.

पॅकेज घेतानाचा निर्णय थोडक्यात सांगतो. ते विकासासाठीच्या वेगळ्या यादीत जावे, प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसाठी चालणाऱ्या सर्व्हरच्या, यादीत जाऊ नये, आणि सेटिंग्जमधल्या त्याच्या ओळी विकासाच्याच अटीखाली असाव्यात. अट न घालता ॲप्सच्या यादीत त्याचे नाव राहिले आणि प्रॉडक्शनवर पॅकेज नसले, तर ॲप्लिकेशन उभेच राहणार नाही. चाचण्या चालताना जँगो डीबग हे विकासापुरते चालू ठेवायचे सेटिंग बंद करतो, त्यामुळे तिथेही टूलबार बाजूला ठेवावा लागतो. अलीकडच्या आवृत्त्या हे विसरल्यास चाचण्या सुरू होण्याआधीच चूक दाखवून थांबतात, आणि त्यांचे हे थांबणे मला योग्य वाटते.

मिडलवेअरची ओळ मात्र घाईने लिहायची नव्हे. मिडलवेअर म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आणि तिचे उत्तर ज्यांतून जाते ते मधले थर. सेटिंग्जमधल्या या यादीत क्रमाला पूर्ण अर्थ आहे. आत येणारी रिक्वेस्ट ही यादी वरून खाली उतरते आणि बाहेर जाणारा रिस्पॉन्स तीच यादी खालून वर चढत जातो. टूलबारचे मिडलवेअर शक्य तितके वर असावे, म्हणजे त्याच्या खाली जे जे घडेल ते त्याच्या नोंदीत येईल. पण रिस्पॉन्स दाबून लहान करणारे जीझिपचे मिडलवेअर वापरात असेल, तर टूलबार त्याच्या खालीच हवा. कारण टूलबार स्वतःला पानात घालतो तो अगदी साध्या पद्धतीने: तयार झालेल्या एचटीएमएलच्या मजकुरात तो बॉडीचा शेवटचा बंद होणारा टॅग शोधतो आणि त्याच्या अलीकडे आपला तुकडा जोडतो. रिस्पॉन्स आधीच दाबला गेला असेल तर त्या बाइट्समध्ये असा टॅग शोधणेच शक्य नसते, म्हणून टूलबार अशा रिस्पॉन्सला हात न लावता पुढे सोडून देतो. तुकड्या-तुकड्याने पाठवल्या जाणाऱ्या स्ट्रीमिंग रिस्पॉन्सचेही तेच, आणि पानाऐवजी जेसन स्वरूपात नुसता डेटा देणाऱ्या एपीआयचेही तेच, कारण तिथे एचटीएमएलच नाही.

या साध्या पद्धतीचा एक परिणाम मला फार आवडतो. एचटीएमएलच्या नियमांनुसार बॉडीचा बंद होणारा टॅग लिहिला नाही तरी चालते. ब्राउझर तो स्वतः गृहीत धरतो आणि पान नीट दिसते. पण टूलबार ब्राउझरसारखे पान उभे करत नाही, तो मजकूर वाचतो. मूळ टेम्पलेटमधून हा टॅग गळला असेल तर टूलबार मुकाट्याने गायब राहतो, कुठेही चूक दाखवत नाही, आणि शोधणारा माणूस सेटिंग्जमध्ये तासभर घालवतो. सगळ्या सेटिंग्ज बरोबर असून टूलबार दिसत नसेल तेव्हा मी सर्वांत आधी ब्राउझरमध्ये पानाचा मूळ स्रोत उघडून शेवटच्या चार ओळी वाचायला सांगतो. विंडोजवर आणखी एक अडचण येते: काही यंत्रांच्या रजिस्ट्रीत जावास्क्रिप्टच्या फाइलींचा प्रकार साधा मजकूर असा नोंदलेला असतो, मग ब्राउझर टूलबारची स्क्रिप्ट चालवायला नकार देतो आणि पट्टी उघडत नाही. सेटिंग्जमध्ये तो प्रकार एका ओळीने दुरुस्त करता येतो.

आता आयपी पत्त्यांची ओळ. टूलबार दाखवायचा की नाही हे ठरवणारे मूळ फंक्शन दोनच प्रश्न विचारते: डीबग चालू आहे का, आणि रिक्वेस्ट ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता आतल्या पत्त्यांच्या यादीत आहे का. आपल्याच यंत्रावर सर्व्हर चालवला की तो पत्ता १२७.०.०.१ असतो आणि काम भागते. ॲप्लिकेशन डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातच वेगळ्या केलेल्या कप्प्यात, चालत असेल तेव्हा ब्राउझर त्याच यंत्रावर असला तरी कंटेनरला रिक्वेस्ट डॉकरच्या जाळ्याच्या प्रवेशद्वारावरून आलेली दिसते आणि तिचा पत्ता बहुधा १७२ पासून सुरू होणारा असतो. मग टूलबार दिसत नाही. यावर नेमका उपाय आहे: कंटेनरने स्वतःचा पत्ता विचारायचा, त्याचा शेवटचा आकडा १ करून मिळणारा प्रवेशद्वाराचा पत्ता यादीत घालायचा. डॉकरसाठी असे तयार फंक्शनही टूलबारच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आले आहे.

तरीही जो उपाय सर्वाधिक चिकटवला जातो तो वेगळाच असतो. दाखवण्याचा निर्णय घेणाऱ्या फंक्शनच्या जागी, कोणीही विचारले तरी होकारच देणारे एका ओळीचे फंक्शन बसवले जाते. टूलबार लगेच दिसतो आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. मला ही ओळ कोणाच्याही सेटिंग्जमध्ये दिसली की मी ती काढायला लावतो, आणि त्यामागचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

टूलबार काय काय दाखवतो ते आठवून पाहावे. प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तिच्यातल्या खऱ्या मूल्यांसकट, रिक्वेस्टबरोबर आलेल्या कुकीज, सेशनमधला मजकूर, हेडर, टेम्पलेटला दिलेली माहिती, आणि सेटिंग्जची अख्खी यादी. सेटिंग्जमधली गुपिते जँगो झाकतो हे खरे. ज्या नावात सिक्रेट, की, टोकन, पास असे शब्द असतात त्यांच्या किमतीऐवजी नुसत्या चांदण्या दिसतात. पण हे झाकणे नावावरून होते. डेटाबेसचा पासवर्ड एखाद्या जोडणीच्या पत्त्यातच लिहिलेला असेल आणि त्या सेटिंगचे नाव साधेच असेल, तर तो उघडा राहतो. प्रॉडक्शनवर जँगोपुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी त्याच यंत्रावर बसवलेला असेल तेव्हा गोष्ट आणखी गंभीर होते. जगातून कुठूनही आलेली रिक्वेस्ट त्या प्रॉक्सीमार्फत जँगोकडे पोचते, आणि जँगोला ती १२७.०.०.१ वरून आलेली दिसू शकते. म्हणजे आतल्या पत्त्यांची यादी अगदी काटेकोर लिहिलेली असली तरी त्या मांडणीत प्रत्येक परका माणूस आतलाच ठरतो. अशा वेळी फक्त डीबग बंद असण्याचे कुलूप उरते. मूळ फंक्शनला दोन कुलपे आहेत ती याचसाठी. होकार देणारी ती एक ओळ दोन्ही एकदम उघडते. स्वतःचे फंक्शन लिहायचेच असेल तर त्यात डीबगची अट पुन्हा लिहावी, असे मी आवर्जून सांगतो.

हे सगळे जुळले की पानाच्या उजव्या कडेला छोटासा टॅब दिसतो आणि तो दाबला की पट्टी उघडते. आवृत्त्या, वेळ, सेटिंग्ज, हेडर, रिक्वेस्ट, एसक्यूएल, स्टॅटिक फाइल्स, टेम्पलेट, कॅश, सिग्नल असे एकाखाली एक विभाग. मी बाकीचे विभाग अधूनमधून उघडतो. एसक्यूएलचा विभाग मात्र मी दिवसभर पाहतो, आणि टूलबारने मला जे शिकवले त्यातले बहुतेक तिथेच शिकवले.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ग्रंथालयाच्या सूचीचे पान आहे असे समजू. पानावर ५० पुस्तके, प्रत्येकापुढे लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव. व्ह्यूमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन उत्तर तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये, पुस्तके मागवणारी एकच ओळ आहे. टेम्पलेटमध्ये लूप आहे आणि लूपच्या आत दोन नावे छापली आहेत. कोड वाचणाऱ्या कोणालाही त्यात खटकण्यासारखे काही दिसणार नाही. पट्टी उघडावी तर १०४ क्वेरी. त्यांचा हिशेब असा: एक सेशनसाठी, एक आत आलेल्या वापरकर्त्यासाठी, एक एकूण पुस्तके मोजण्यासाठी, कारण पानांची विभागणी करायची तर एकूण किती ते कळावे लागते, आणि एक प्रत्यक्ष ५० पुस्तकांसाठी. या चार झाल्या. उरलेल्या १०० लूपमधून आलेल्या असतात, प्रत्येक पुस्तकामागे एक लेखकासाठी आणि एक प्रकाशकासाठी.

टूलबार या शंभरांचे नुसते आकडे देत नाही. ज्या क्वेरींचा साचा एकच आणि फक्त मूल्ये वेगळी, त्यांना तो सारख्या म्हणतो. ज्या अक्षरशः एकच, मूल्यांसकट, त्यांना तो दुबार म्हणतो, आणि सारख्या क्वेरींच्या प्रत्येक गटापुढे एकेक रंगाची खूण करतो. एकाच लेखकाची तीन पुस्तके यादीत असतील तर त्या लेखकासाठीची क्वेरी तीनदा झालेली दिसते, कारण प्रत्येक पुस्तकाची वस्तू वेगळी आहे आणि एकीने आणलेला लेखक दुसरीला ठाऊक नसतो. क्वेरीच्या ओळीवर दाबले की ती कोडच्या कोणत्या ओळीतून निघाली त्याचा माग उघडतो, आणि तो माग टेम्पलेटमधल्या नेमक्या ओळीपर्यंत जाऊन पोचतो. नव्याने कामावर आलेल्या एका सहकारिणीला मी असेच एक पान तिच्याच यंत्रावर उघडून दाखवले होते. तिने तो माग दोनदा वाचला आणि विचारले, “म्हणजे क्वेरी व्ह्यूमधून जातच नाहीये? टेम्पलेट नाव छापतंय तेव्हा जातेय?” मी हो म्हणालो. क्वेरीसेट, म्हणजे जँगोमधली डेटाबेसकडच्या मागणीची वस्तू, आळशी असतो, नात्यातली वस्तू मागितल्याशिवाय येत नाही, हे तिने शिकताना वाचलेले होते. पण ते वाक्य कोडमध्ये कुठे उभे असते ते तिला त्या दिवशी दिसले. तिथून पुढे तिला काही समजावून सांगावे लागले नाही.

त्या पानाची दुरुस्ती छोटी आहे. पुस्तके मागवणाऱ्या ओळीत सिलेक्ट-रिलेटेड लावून लेखक आणि प्रकाशक ही दोन नाती सांगितली की जँगो तिन्ही टेबले एका जॉइनने जोडून एकाच क्वेरीत आणतो. १०४ च्या जागी ४ राहतात. मग पानावर प्रत्येक पुस्तकाच्या उपलब्ध प्रती दाखवायच्या ठरल्या, तर एका पुस्तकाच्या अनेक प्रती असल्याने तिथे प्रीफेच-रिलेटेड लागते. ते ५० पुस्तकांच्या सगळ्या प्रती दुसऱ्या एका क्वेरीत आणते आणि जोडणी पायथनमध्ये करते. पाच क्वेरी. इथपर्यंत कोणतेही शिकवणीचे पान सांगते. गंमत यापुढे आहे. कोणी तरी लूपच्या आत प्रतींवर गाळणी लावते, फक्त उपलब्ध असलेल्याच प्रती हव्यात म्हणून, आणि क्वेरी पुन्हा ५५ होतात. प्रीफेचने आणलेला साठा गाळणीला उपयोगी पडत नाही. गाळणी लावली की तो नवा प्रश्न ठरतो आणि डेटाबेसकडे नव्याने जातो. आधी आणलेला साठा वाया जातो तो वेगळाच. गाळणी प्रीफेचच्याच व्याख्येत घालून, निकाल वेगळ्या नावाने वस्तूवर ठेवला की पुन्हा पाच. कोड वाचून हे ओळखायला अनुभव लागतो. पट्टीवर ५५ हा आकडा पाहायला काहीच लागत नाही.

एवढ्या क्वेरी होऊनही पान वेगाने का उघडते, हा प्रश्न इथे रास्त आहे. विकासाच्या यंत्रावर डेटाबेस शेजारीच असतो, टेबलांत मोजक्या ओळी असतात, आणि एकेका क्वेरीला मिलिसेकंदाचा लहानसा अंश लागतो. प्रॉडक्शनवर डेटाबेस बहुधा दुसऱ्या यंत्रावर असतो. जाण्यायेण्याला प्रत्येक क्वेरीमागे एक मिलिसेकंद धरला तरी शंभर क्वेरींचे शंभर मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात, आणि हे सर्व एकामागून एक घडते. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये लिहून ठेवले होते की ०.१ सेकंदाच्या आत आलेले उत्तर माणसाला तत्काळ आल्यासारखे वाटते. ती सगळी मुदत एका यादीतल्या दोन टिंबांनी खर्च होते.

म्हणूनच टूलबारमधल्या वेळेच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही आणि संख्येच्या आकड्यांवर पुरेपूर विसंबतो. टूलबार स्वतः काम करतो. प्रत्येक क्वेरी नोंदवणे, तिचा माग गोळा करणे, टेम्पलेटला मिळालेली माहिती टिपून ठेवणे, या सगळ्याला वेळ लागतो आणि तो वेळ पानाच्याच वेळेत मिसळतो. जितक्या क्वेरी जास्त तितकी ही भर जास्त. माग गोळा करणे सेटिंगने बंद करता येते, पण मग क्वेरी कुठून आली ते कळत नाही, आणि त्याच माहितीसाठी तर आपण पट्टी उघडलेली असते. एकूण ४०० मिलिसेकंद लागले असे पट्टी म्हणते तेव्हा त्यातले ॲप्लिकेशनचे किती आणि टूलबारचे किती ते सांगता येत नाही. १०४ क्वेरी झाल्या असे ती म्हणते तेव्हा त्या १०४ च असतात, माझ्या यंत्रावरही आणि प्रॉडक्शनवरही.

संख्या कमी करणे हेच ध्येय मानले तरी फसगत होते, हेही तितकेच खरे. पाच टेबले एका जॉइनमध्ये ओढून, लागत नसलेले सगळे स्तंभ बरोबर आणणारी एक क्वेरी, तीन छोट्या क्वेरींपेक्षा जड पडू शकते. पट्टीवर क्वेरीच्या शेजारी एक्सप्लेनचे बटण असते. ते दाबले की डेटाबेस ती क्वेरी कशी पार पाडणार आहे त्याचा आराखडा दिसतो. इथे विकासाच्या डेटाबेसमध्ये खऱ्याच्या जवळ जाणारा डेटा भरलेला असणे मला अत्यावश्यक वाटते. पोस्टग्रेस या डेटाबेसला लहान टेबलात इंडेक्स (ओळ पटकन शोधून देणारी सूची) असूनही सगळ्या ओळी सरळ वाचून काढणे स्वस्त वाटते, आणि त्याचे ते गणित बरोबरच असते. पण वीस ओळींच्या टेबलावर तो आराखडा पाहून इंडेक्स लागत नाही असा निष्कर्ष काढला, तर वीस लाख ओळींच्या टेबलाविषयी त्यातून काहीच कळलेले नसते. मी प्रत्येक प्रकल्पात खोटा पण भरपूर डेटा भरणारी एक कमांड लिहून ठेवतो, आणि टूलबारशिवाय तिचा उपयोग जितका कमी तितकाच तिच्याशिवाय टूलबारचाही.

बाकीच्या विभागांविषयी थोडक्यात. इतिहासाचा विभाग हल्लीच्या कामात फार मोलाचा ठरतो, कारण पान एकदा उघडल्यावर पुढच्या रिक्वेस्ट जावास्क्रिप्ट करत राहते आणि त्यांच्या जेसन उत्तरात पट्टी उमटू शकत नाही. या विभागात त्या रिक्वेस्ट एकामागोमाग दिसतात आणि हवी ती निवडली की तिच्या क्वेरी वाचता येतात. मुळात टूलबार अलीकडच्या २५ रिक्वेस्टची नोंद स्वतःच्या प्रोसेसच्या मेमरीत ठेवतो. म्हणून सर्व्हरच्या अनेक प्रोसेस चालू असतील तर एका प्रोसेसमधली नोंद दुसरीला सापडत नाही आणि विभागाची माहिती आता उपलब्ध नाही असा संदेश येतो. विकासाच्या वेळी एकच प्रोसेस चालवली की हा त्रास उरत नाही. टेम्पलेटच्या विभागात कोणते टेम्पलेट कोणाकडून वारसा घेते ते दिसते, आणि दुसऱ्याने लिहिलेला प्रकल्प हाती आल्यावर पहिल्या दिवशी मी तोच विभाग सर्वांत जास्त वाचतो. प्रोफायलिंगचा विभाग मुळातच बंद ठेवलेला असतो, तो गरज पडेल तेव्हाच चालू करावा.

टूलबारची दृष्टी पानापुरती आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. रात्री चालणारी आयातीची कमांड, रांगेतून उचलली जाणारी मागची कामे, यांना पान नसते, म्हणून पट्टीही नसते. आणि बऱ्याचदा सर्वांत मोठे लूप तिथेच असतात. टूलबारबरोबर एक वेगळी शेल कमांड येते, तिच्यात ओआरएमची, म्हणजे पायथनच्या वस्तूंमधून डेटाबेसशी बोलणारी, ओळ लिहिली की गेलेली एसक्यूएल लगेच खाली छापून येते. पानाबाहेरचे कोड मी तिथे तुकड्या-तुकड्याने चालवून पाहतो. शेकडो लोक एकाच वेळी आले की काय होईल, कोणती ओळ कोणासाठी अडून राहील, हे यातले काहीच सांगत नाही. ते मोजायची साधने वेगळी आणि त्यांची जागाही वेगळी.

पट्टीवर दिसलेला आकडा दिसून विरून जाऊ नये यासाठी मी एक सवय लावून घेतली आहे आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनाही लावतो. पान दुरुस्त झाले, क्वेरी पाचवर आल्या, की त्याच दिवशी त्या पानासाठी एक चाचणी लिहायची: या पानाला पाचच क्वेरी लागल्या पाहिजेत. जँगोच्या चाचण्यांत यासाठी असर्ट-नम-क्वेरीज हे तयार फंक्शन आहे. चाचणीतला डेटा मात्र एका पुस्तकाचा नको, किमान तीन-चार पुस्तकांचा, निरनिराळ्या लेखकांचा आणि प्रत्येकाच्या निदान एका प्रतीचा हवा. एकच पुस्तक असेल तर लूपमधली चूक एकाच जादा क्वेरीएवढी दिसते आणि ती सहज खपून जाते. सहा महिन्यांनी कोणी तरी यादीत पुस्तकाच्या विषयाचा स्तंभ वाढवते, टेम्पलेटमध्ये एक टिंब येते, पान ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते आणि चाचणी मात्र लाल होते. पाचच्या जागी नऊ क्वेरी झाल्या असे ती सांगते, आणि त्या नऊही क्वेरी खाली एकेक करून छापते. त्यातल्या शेवटच्या चार विषयाच्या टेबलाला उद्देशून असतात. सिलेक्ट-रिलेटेडमध्ये तिसरे नाव घालायचे आणि चाचणी पुन्हा चालवायची.